विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर: एन्क्रिप्टेड डिस्क, तीन लिप्यांतली भजनं आणि चालेलसा प्लेअर

२६ ऑक्टोबर २०२५

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपला. वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण ती घेतली तरी प्रश्न फक्त पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो. घरचा डेस्कटॉप सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. मशीन ठणठणीत आहे, भंगारात घालायची इच्छा नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं.

मशीनच्या २ टीबी डिस्कवर दोन गोष्टी आहेत. घरचे कागद (सातबारा, बँकेची पासबुकं, आईचे रिपोर्ट, सगळ्यांचे आधार) आणि साधारण ९०० जीबी ध्वनिमुद्रणं व व्हिडिओ. काकांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटींवरून उतरवलेलं, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रेकॉर्ड केलेलं, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात गायलेली तेलुगू भजनं. फायलींची नावं मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन लिप्यांत.

एन्क्रिप्शन कशासाठी, हे घरात विचारलं गेलं. मागे एक डिस्क वॉरंटीत बदलून घेतली होती. बंद पडलेली डिस्क कंपनी ठेवून घेते, आणि डिस्क चालतच नसल्यामुळे देण्याआधी ती पुसताही येत नाही. आपले कागद कुणाच्या टेबलावर पडलेत ते कळायला मार्ग नाही. डिस्क आधीपासून एन्क्रिप्टेड असेल तर ती निर्धास्त देऊन टाकता येते.

नवी पेठेतून ५०० जीबीची एसएसडी आणली, साडेतीन हजारांच्या आत. ४ टीबीची बाहेरची डिस्क सुमारे साडेदहा हजार. खर्च एवढाच. विंडोजची जुनी एसएसडी काढून कपाटात ठेवली आहे. सगळं नीट बसेपर्यंत ती पुसायची नाही.

१ नोव्हेंबर

मिंट २२.२, सिनॅमन डेस्कटॉप. २०२९ पर्यंत अपडेटं मिळतील. पेन ड्राइव्ह बनवण्याआधी उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे सांगणारा आकडा) ताडून पाहिला.

इन्स्टॉलरमध्ये संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय समोर दिसत नाही. 'पूर्ण डिस्क पुसा' निवडलं की 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' हे बटण चालू होतं. त्यात आधी एलव्हीएम (डिस्कच्या विभागांची मांडणी करायची पद्धत) निवडायचं, मग त्याखाली एन्क्रिप्शनची खूण करता येते. 'विंडोजच्या शेजारी टाका' हा मार्ग घेतला तर ही सोय मिळत नाही. वेगळी एसएसडी घेतली ती यासाठी.

बाकी सगळ्या डिस्कांच्या केबली काढूनच इन्स्टॉल करा. चुकून दुसरी डिस्क पुसली जाण्याची भीती तर आहेच, शिवाय हा इन्स्टॉलर कधीकधी बूटलोडर (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) दुसऱ्याच डिस्कवरच्या ईएफआय विभागात नेऊन टाकतो. मग ती डिस्क काढली की मशीन सुरू होत नाही.

पहिल्याच रीस्टार्टला पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. कारण क्षुल्लक निघालं: पासवर्डातले आकडे मी उजवीकडच्या कीपॅडवरून मारत होतो आणि त्या टप्प्यावर नम लॉक बंद असतो. वरच्या ओळीतले आकडे वापरले, उघडलं. याच कारणाने कीबोर्ड इन्स्टॉल करताना इंग्रजीच ठेवावा आणि मराठी नंतर जोडावा. देवनागरीत पासवर्ड ठेवायचा मोह होतो, पण तो पडदा येतो तेव्हा डेस्कटॉपची भाषा बदलायची सोय अजून सुरूच झालेली नसते.

वेगाची काळजी होती ती मिटली. प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वेगळ्या सूचना आहेत. क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या एन्क्रिप्शन साधनाची चाचणी चालवली तर वेग सेकंदाला हजार एमबीच्या वर, आणि साटा एसएसडी पाचशेच्या आसपासच थकते. एन्क्रिप्शनमुळे मशीन हळू झालंय असं कुठे जाणवत नाही.

२ नोव्हेंबर

बाहेरच्या ४ टीबी डिस्कवर लक्स-२ (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) आणि आत ईएक्सटी-४ (लिनक्सची फाइल सिस्टिम). फॉरमॅट झाल्यावर डिस्कवर लिहिता येईना, कारण नव्या ईएक्सटी-४ चा मालक रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य युजर, असतो. मालकी आपल्या नावावर केली की झालं.

आरसिंक या कॉपी करायच्या आज्ञेने काम सुरू केलं तर वेग सेकंदाला ३५ एमबी. डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीला लावली होती, ती यूएसबी २.० आहे. मागच्या निळ्या सॉकेटमध्ये लावल्यावर ११० च्या घरात गेली. ९०० जीबीला सात तास लागणार होते तिथे अडीच तासांचं काम.

ते अडीच तासांत झालं नाही. आरसिंकने शेवटी चुकांची लांब यादी दाखवली: 'फाइल नेम टू लाँग'.

विंडोजवर बिनतक्रार चाललेली नावं इथे लांब कशी? विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ अक्षरं चालतात, ईएक्सटी-४ मध्ये २५५ बाइट. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरी, कन्नड किंवा तेलुगू अक्षर तीन बाइटांचं. मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. 'श्री' दिसायला एक, पण श, हलंत, र आणि वेलांटी मिळून बारा बाइट. म्हणजे भारतीय लिपीत जेमतेम ८५ चिन्हं.

काका फाइलच्या नावातच सगळा वृत्तांत लिहितात. उदाहरणार्थ: 'कार्तिक शुद्ध एकादशी भजनी मंडळ बैठक दुसरा भाग पखवाज साथ बदलली आहे शेवटची दहा मिनिटं आवाज कमी येतो'. विंडोजच्या हिशोबाने एक्स्टेंशनसकट १०१ अक्षरं, इथे २६१ बाइट. सहा बाइटांनी गाडी अडली.

मिंट फक्त घराचं (होम, म्हणजे युजरचं स्वतःचं) फोल्डर एन्क्रिप्ट करायचा आणखी एक पर्याय देतो. तो ईक्रिप्टएफएसवर चालतो आणि तिथे नावाची मर्यादा १४३ बाइटच. देवनागरीत ४७ चिन्हं. आपल्या भाषेत फायली ठेवणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये, पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शनच घ्यावं.

लांब नावांची यादी काढली. फाइलचं नाव आता तारीख, ठिकाण, क्रमांक एवढंच. काकांचं वाक्य जसंच्या तसं टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत साठवायच्या माहितीत, जाणार. प्लेअर निवडताना हे टॅग नीट दिसायला हवेत, ही अट इथेच ठरली.

४ नोव्हेंबर

रात्री कॉपी चालू असताना वीज गेली. सकाळी आरसिंक पुन्हा सुरू केलं, उरलेलं तेवढंच झालं. मग दोन्हीकडच्या फायलींचे चेकसम ताडले. याला कॉपीपेक्षा जास्त वेळ गेला, पण जुनी डिस्क पुसण्याआधी हे केल्याशिवाय झोप लागली नसती.

त्यानंतर आतली २ टीबी डिस्क एकदा पूर्ण शून्यांनी भरली. चार-साडेचार तास. डिस्क आजवर एन्क्रिप्शनशिवाय वापरलेली होती. नुसतं लक्स चढवलं तर जोवर त्यावर नवं लिहिलं जात नाही तोवर जुना मजकूर खाली तसाच राहतो.

९ नोव्हेंबर

काकांची १ टीबीची बाहेरची डिस्क. त्यांचा लॅपटॉप बंद पडला, डिस्क बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनची. लॅपटॉप ती आपोआप उघडायचा, त्यामुळे पासवर्ड कुणाला आठवायची गरजच पडली नव्हती. उरली ४८ आकड्यांची रिकव्हरी की.

"अरे, डायरीत शेवटच्या पानावर बघ. दूधवाल्याच्या हिशोबाखाली लिहिलीय."

होती. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, मराठी आकड्यांत, आणि काकांचा १ आणि ९ एकसारखा.

लिनक्सला बिटलॉकर उघडता येतं. क्रिप्टसेटअपमध्ये २०२० पासून ती सोय आहे, आणि मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक केलं तरी की विचारली जाते. प्रश्न फक्त आकड्यांचा होता. इथे एक गोष्ट कामाला येते: या कीमधल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. समजा गट ४११२१३ आहे की ४१९२१३ हे कळत नाही. पहिल्याला ११ ने भाग जातो, दुसऱ्याला ३ उरतात. म्हणजे पहिला बरोबर. एकाच आकड्याबद्दल शंका असेल तर दोन्ही पर्यायांना भाग जाणं शक्यच नाही. शिवाय गट ७२०८८५ पेक्षा मोठा नसतो, त्यामुळे गटाच्या सुरुवातीला ९ असूच शकत नाही, तो १ च. कॅल्क्युलेटर घेऊन आठही गट तपासले, सगळे लागले, डिस्क उघडली.

उघडली ती फक्त वाचण्यापुरती, कारण लॅपटॉप अर्धवट बंद पडल्यामुळे एनटीएफएसवर 'नीट बंद झाली नाही' अशी खूण राहिली होती. आम्हाला वाचायचंच होतं. दुरुस्तीच्या भानगडीत पडलो नाही.

की आता इंग्रजी आकड्यांत छापून काकांच्या पाकिटात दिली आहे. "मराठी आकडे वाईट होते का?" असं त्यांनी विचारलंच.

१२ नोव्हेंबर

आतल्या डिस्कवर लक्स-२. मशीन सुरू होताना एकच पासवर्ड द्यायचा आणि दोन्ही डिस्का उघडाव्यात, अशी सोय हवी होती. त्यासाठी रँडम किल्ली-फाइल बनवून ती एन्क्रिप्टेड एसएसडीवरच ठेवली, वाचायचा हक्क फक्त रूटला, आणि क्रिप्टटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्का उघडायच्या त्याची यादी) तिचा पत्ता दिला. डिस्क नेहमी यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, नोंदवा, कारण केबल हलली की डिस्कांची नावं बदलतात.

क्रिप्टटॅब आणि एफएसटॅब (डिस्का कुठे जोडायच्या त्याची यादी) या दोन्ही ठिकाणी 'नोफेल' लिहायचं, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन पुढे सुरू होतं. मी एकाच ठिकाणी लिहिलं होतं. डिस्क काढून मशीन सुरू करून पाहिलं तर दीड मिनिट वाट बघून काळ्या इमर्जन्सी पडद्यावर थांबलं.

किल्ली-फाइलशिवाय हाताने टाकायचा पासवर्डही त्याच डिस्कवर वेगळ्या स्लॉटमध्ये ठेवला. लक्स-२ मध्ये असे ३२ स्लॉट असतात. एक पासवर्ड बंद पाकिटात जुळे सोलापूरला वहिनींकडे. डिस्कचं शीर्षक, म्हणजे लक्स हेडर, १६ एमबीच्या फाइलमध्ये वेगळं काढून पेन ड्राइव्हवर ठेवलं. ते खराब झालं तर बरोबर पासवर्ड असूनही काहीच हाती लागत नाही. लक्षात ठेवायचं ते हे: नंतर पासवर्ड बदलला तरी जुन्या हेडरच्या प्रतीला जुना पासवर्ड चालतच राहतो. पासवर्ड फुटला म्हणून बदलला असेल तर जुनी प्रतही नष्ट करा.

आणखी एक. मशीन स्लीपमध्ये असताना किल्ली मेमरीत असते, डिस्क उघडीच असते. गावाला जाताना पूर्ण बंद करायचं.

१६ नोव्हेंबर

प्लेअर. विंडोजवर फूबार हा प्लेअर होता, त्याची सवय. इथे काय काय पाहिलं ते:

रिदमबॉक्स मिंटबरोबरच येतो. तीन लिप्या सुरेख दाखवतो. पण लॉगिन झाल्याबरोबर तो आपोआप सुरू व्हावा असं लावलं आणि सकाळी निम्मा संग्रह 'मिसिंग फाइल्स'मध्ये. 'नोफेल' लावलेली डिस्क माउंट होईपर्यंत (फोल्डरला जोडली जाईपर्यंत) सिस्टिम थांबत नाही. प्लेअर आधी उठला, फोल्डर रिकामं दिसलं, फायली हरवल्या असं त्याने धरलं. डिस्क हाताने क्लिक करून उघडणाऱ्यांना हा त्रास रोजच होईल.

स्ट्रॉबेरी यापेक्षा शहाणा आहे. गायब झालेली गाणी तो काढून टाकत नाही, 'उपलब्ध नाही' अशी खूण करून ठेवतो, तशी सेटिंग आहे. दिसायलाही सगळ्यांत चांगला. रोजची गाणी ऐकणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा. आमचं अडलं ते टॅगांवर. त्याला ठरावीक रकानेच माहीत आहेत आणि आम्हाला 'ठिकाण', 'तिथी', 'पखवाज', 'टीप' असे रकाने हवेत.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकाच प्लेअरच्या दोन नोंदी दिसतात, एक सिस्टिम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज. फ्लॅटपॅकवाल्या एकाला फक्त घरातलं संगीताचं फोल्डर वाचायची परवानगी होती, दुसऱ्या डिस्कवरचं काही दिसेना. फ्लॅटसील नावाच्या टूलमधून परवानगी वाढवता येते. मी सरळ सिस्टिम पॅकेज घेतलं.

शेवटी क्वॉड लिबेट. रूप जुनाट, पहिल्यांदा उघडला तर हिशोबाच्या वहीसारखा दिसतो. पण हव्या त्या नावाचा टॅग बनवता येतो आणि त्यावर शोधता येतं. आणि डिस्क माउंट नसेल तर त्या डिस्कवरची गाणी तो नुसती झाकून ठेवतो, डिस्क आली की परत दाखवतो. एन्क्रिप्टेड डिस्कवर संग्रह असणाऱ्याला याहून महत्त्वाचं वैशिष्ट्य दुसरं नाही. त्याच्याबरोबर एक्स फाल्सो हा टॅग संपादक येतो, त्यातून शंभर फायलींना एकदम 'ठिकाण' लावता येतं.

तरीही प्लेअर आपोआप सुरू करणारी ओळ बदलली. आता एक छोटी स्क्रिप्ट डिस्क माउंट झाली आहे का ते तपासते, नसेल तर थांबते, मग प्लेअर उघडते.

२३ नोव्हेंबर

काकांनी येऊन शोधलं: 'वारकऱ्यांची दिंडी'. तीनच सापडल्या. "निदान दहा तरी असतील रे." फोल्डरमध्ये होत्या, डोळ्यांना दिसत होत्या, शोधात येत नव्हत्या.

संध्याकाळ यातच गेली. 'ऱ्या' मधला अर्धा र टाइप करायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबून 'ऱ' आणि मग हलंत, ही एक. साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह, ही दुसरी. र, खाली वेगळा नुक्ता (टिंब) आणि मग हलंत, ही तिसरी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला तीन वेगळे शब्द वाटतात. गेल्या पंधरा वर्षांत मंडळातल्या ज्याने ज्या मशीनवर टाइप केलं तसं पडलंय. 'ॲ'चंही तेच, एक अखंड अक्षर आणि एक अ-ला चंद्र जोडून केलेलं.

युनिकोडची एनएफसी पद्धत (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी) लावली तर नुक्त्याचा प्रकार 'ऱ' मध्ये मिसळतो, झेडडब्ल्यूजेचा मात्र तसाच राहतो. म्हणून पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली: आधी एनएफसी, मग र-हलंत-जोडचिन्ह दिसलं की त्याजागी ऱ-हलंत, 'ॲ'ला एकच रूप. टॅगही बदलले, फायलींची नावंही. आधी नुसती यादी छापून पाहिली, मग बदल केला. आता दिंड्या सगळ्या सापडतात. कन्नड-तेलुगू टॅगांना हात लावलेला नाही, तिथली जोडाक्षरं मला वाचता येत नाहीत.

मंडळाला सांगितलंय की यापुढे मराठी टॅग याच मशीनवर टाइप करायचे.

३० नोव्हेंबर

व्हिडिओचं सोपं गेलं. मिनी-डीव्ही टेपवरून उतरवलेल्या फायली मिंटच्या सेल्युलॉइड या व्हिडिओ प्लेअरमध्ये कंगव्यासारख्या रेघांनी भरलेल्या दिसत होत्या, कारण ते चित्रण इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींत साठवलेलं) आहे. एमपीव्ही या दुसऱ्या प्लेअरमध्ये 'डी' कळ दाबली की रेघा जातात. घरच्यांसाठी व्हीएलसी ठेवला, तो हे स्वतःच ओळखतो.

डब्ल्यूएमए (विंडोजचा ध्वनिप्रकार) फायली कोडेक पॅकेज टाकल्यावर चालू लागल्या. काही अजिबात चालेनात. त्या सीडीवरून विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या आवृत्तीत उतरवताना 'कॉपी प्रोटेक्ट' चालू राहिलेल्या निघाल्या. ज्या मशीनवर बनल्या ते मशीन गेलं, फायलीही गेल्या. सीडी सापडल्या तेवढ्या फ्लॅकमध्ये पुन्हा उतरवल्या. अशी कॉपी-बंदी (डीआरएम) लावलेल्या फायली तुमच्याकडे असतील तर जुनं विंडोज चालू आहे तोवर शोधून काढा.

७ डिसेंबर

सकाळी डिस्कमध्ये जागा नाही अशी सूचना. बॅकअपची स्क्रिप्ट बाहेरची डिस्क न जोडताच चालली होती. माउंटचं फोल्डर रिकामं असलं तरी फोल्डरच असतं, आरसिंकने तिथेच, म्हणजे एसएसडीवर, ती भरेपर्यंत ओतलं. पुसून टाकलं आणि डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर' आज्ञेने अपरिवर्तनीय ही खूण लावली. आता डिस्क नसेल तर तिथे रूटलासुद्धा लिहिता येत नाही, बॅकअप लगेच चूक दाखवून थांबतो. डिस्क माउंट व्हायला या खुणेची आडकाठी होत नाही.

१४ डिसेंबर

टीव्ही. पूर्वी बाहेरची डिस्क टीव्हीला लावून आई भजनं लावायची. लक्सची डिस्क टीव्हीला वाचता येत नाही. जेलीफिन या मीडिया सर्व्हरचा विचार केला, पण नुसत्या यादीतून निवडून ऐकायचं तर तो फार मोठा डोलारा होतो. मिनीडीएलएनए टाकलं, घरच्या वायफायवरून टीव्ही तिथून फायली घेतो.

सुरुवातीला यादी रिकामी. हा सर्व्हर स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतो आणि आताच्या उबुंटू-मिंटमध्ये घराचं फोल्डर इतर युजरना बंद असतं. संग्रह आतल्या डिस्कवर होता, पण त्याचं माउंट मी घराच्या फोल्डरात दिलं होतं. ते घराबाहेर, 'एसआरव्ही' या फोल्डरखाली हलवल्यावर यादी आली.

मराठी नावं टीव्हीवर व्यवस्थित. कन्नड आणि तेलुगू नावांच्या जागी नुसते चौकोन, टीव्हीत ते फॉन्टच नाहीत आणि बाहेरून टाकायची सोय नाही. टॅग रोमनमध्ये करायला काकांचा विरोध, माझाही. मिनीडीएलएनए फोल्डरमधलं मुखपृष्ठाचं चित्र दाखवतं हे पाहून इमेजमॅजिकने प्रत्येक फोल्डरसाठी एक चित्र बनवायची स्क्रिप्ट लिहिली: काळी पाटी, त्यावर मोठ्या कन्नड अक्षरांत बैठकीचं नाव. चित्र टीव्हीवर जसंच्या तसं येतं. चित्र फोल्डरमागे एकच येत असल्याने, ज्या फोल्डरमध्ये अनेक बैठका कोंबल्या आहेत ते आधी वेगळे करावे लागतात. कन्नडचे झाले. तेलुगूचे बाकी आहेत, त्यासाठी कुठली बैठक कुठे संपते हे सांगायला अशोक चौकातून मंडळाचे एक आजोबा पुढच्या रविवारी येणार आहेत.